कुणालाही सुचलं असतं

कायद्याच्या पुस्तकात एक माणूस राहायचा. त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, बायकापोरं नव्हती. आपल्या धंद्यातलं छापून आलेलं सगळं त्यानं वाचलेलं असायचं, पण स्वतःच्या डोक्यातून नवीन काही काढायची त्याची ताकद नव्हती. 'त्या कलेत निपुण असलेली सामान्य व्यक्ती' असं त्याला म्हणायचे. कुणी एखादी वस्तू बनवायची नवी रीत शोधून तिच्यावर हक्क मागितला, की न्यायाधीश मनातल्या मनात या माणसाला हाक मारायचे आणि विचारायचे, "बाबा रे, हे तुला सुचलं असतं का?" तो 'हो' म्हणाला की पेटंट गेलं. जे कुणालाही सहज सुचेल ते एकाच्या नावावर कसं करायचं? कायदा तसा न्यायाचाच होता.

अडचण एवढीच, की या माणसाला कुणी पाहिलेलं नव्हतं. शिवाय उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं, न्यायाधीशांनाही. दोन्हीकडचे वकील त्या बिचाऱ्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालायचे. खटले वर्षानुवर्षं चालायचे. शेवटी सरकारनं वैतागून तो माणूस बनवूनच टाकला.

त्याचं नाव निपुण. प्रत्येक धंद्याचा निपुण वेगळा. ओतकामाचा एक, रंगांचा एक, धाग्यांचा एक. त्याला घडवताना दोन गोष्टी द्यायच्या. पहिली म्हणजे त्या धंद्यातलं सगळं ज्ञान, पण अर्ज दाखल झाला त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचंच. त्यापुढचं एक अक्षर त्याला दिसायचं नाही, त्यामुळे उत्तर आधीच ठाऊक असण्याचा प्रश्नच मिटला. दुसरी गोष्ट म्हणजे विचार करायची पद्धत, आणि ती खऱ्या माणसांकडून घ्यायची. धंद्यातली माणसं आणून खुर्चीत बसवायची, त्यांच्यापुढे कोडी टाकायची. ती कुठं अडतात, कुठं वळतात, काय टाकून देतात, ते सगळं यंत्र टिपून घ्यायचं. दंडक एकच होता. असामान्य बुद्धीचं माणूस घ्यायचं नाही. तसं घेतलं तर यंत्राला सगळंच सोपं वाटेल आणि देशात कुणालाच पेटंट मिळणार नाही.

त्या दिवशी पुण्याच्या पेटंट न्यायपीठात, बंद दाराआड, धाग्यांच्या निपुणला एक कोडं घातलं जात होतं. दाराबाहेरच्या बाकावर हेमलताबाई म्हेत्रे मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. आत त्यांच्या मुलीची, जुईलीची, चार वर्षांची मेहनत पणाला लागली होती.

हेमलताबाई मूळच्या इचलकरंजीच्या. उभा जन्म धाग्यात गेला. आधी सायझिंगच्या कारखान्यात सुताला कांजी चढवण्यात, मग गावातले माग बंद पडून वैद्यकीय धागे निघायला लागले तेव्हा त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. हा धागा साधा नव्हे. केसाहून बारीक आणि आतून पोकळ. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं रक्त अशा हजारो पोकळ धाग्यांतून फिरवतात. धाग्याच्या भिंतीला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून घाण बाहेर जाते आणि रक्त आत राहतं. ही भिंत निम्मी पातळ करता आली तर ते भलंमोठं यंत्र कमरेच्या पट्ट्यात मावेल, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. पण भिंत पातळ केली की धागा वाळताना बसायचा. पाणी निघून जाताना भिंतीला आत ओढायचं, छिद्रं मिटायची, आणि पोकळ धाग्याची चपटी फीत व्हायची. तो धागा उभा कसा ठेवायचा, हे जुईलीनं शोधलं होतं.

कसं शोधलं, ते मात्र आईला माहीत नव्हतं. जुईलीनंच तसं वचन घेतलं होतं. लहानपणापासून ती गावात 'म्हेत्रेबाईंची पोरगी' होती. पहिला नंबर आला तरी 'येणारच, आई कुणाची', जर्मनीला शिकायला गेली तरी 'आईवर गेलीय'. परत येऊन तिनं जुन्या मागाच्या शेडमध्ये स्वतःचं काम मांडलं, तेव्हा आईला आतल्या दारापाशीच अडवलं. "आई, हे एक तरी माझं एकटीचं होऊ दे. तू बघायचं नाहीस, विचारायचं नाहीस. अर्जसुद्धा वाचायचा नाहीस." हेमलताबाईंनी वचन पाळलं. डबा दारात ठेवायच्या आणि मागं फिरायच्या. उभा जन्म धाग्यात गेलेल्या बाईला असं उंबऱ्याबाहेर ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्यापाशी बांधून घालण्यासारखं होतं, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

दार उघडलं आणि जुईली बाहेर आली. तिचा चेहरा बघून हेमलताबाईंनी डबा बाकावर ठेवला.

"काय झालं गं?"

"सांगितलं त्यानं."

"काय सांगितलं?"

"सगळं. पहिल्याच फेरीत. माझी रीत, जशीच्या तशी." जुईली बाकावर बसली. "मेद्रोनाचा वकील हसत होता, आई. म्हणाला, यंत्राला खाकरायलासुद्धा वेळ लागला नाही."

मेद्रोना ही धाग्यांच्या धंद्यातली सर्वांत बलाढ्य कंपनी. जुईलीची रीत सहज सुचण्याजोगी आहे, सबब पेटंट रद्द करा, असा तिचा दावा होता. पेटंट गेलं तर मेद्रोना तोच धागा दहा कारखान्यांत काढणार आणि जुईलीच्या शेडला कुलूप लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

समोरच्या हॉटेलात दोघी चहाला बसल्या. जुईलीनं चहाला हात लावला नाही. बराच वेळ ती टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "आई, त्या यंत्रानं उत्तर द्यायला सुरुवात कशी केली माहितीय? रीत सांगत नाही तुला, नुसतं पहिलं वाक्य सांगते. ते म्हणालं, 'ज्यानं पसारा केला, त्यालाच आवरायला लावू.'"

हेमलताबाईंचा कप अर्ध्यावरच थांबला.

हे वाक्य त्यांचं होतं. जुईलीनं लहानपणी दूध सांडलं, शाईची बाटली पालथी केली, भावल्यांचे कपडे घरभर टाकले, की त्या हेच म्हणायच्या. प्रयोगशाळेतही हेच म्हणायच्या. मिश्रणात गाठी झाल्या, नळीत काही अडकलं, की बाहेरून खरवडत बसायचं नाही. ज्यानं घोळ केलाय त्याच्याकडूनच तो निस्तरून घ्यायचा, असा त्यांचा खाक्या होता.

"ते वाक्य तुझं आहे," जुईली म्हणाली. "यंत्राच्या तोंडात कसं गेलं?"

"मी बसले होते की त्या खुर्चीत."

"कुठल्या खुर्चीत?"

"तू जर्मनीत होतीस तेव्हा. कारखान्यातून आम्हा चार-पाच जणांना पाठवलेलं. कोडी घालायचे, आम्ही सोडवायची. गंमत वाटायची गं. तुला काय सांगायचं त्यात, म्हणून बोलले नाही."

"पण तिथं असामान्य माणूस चालत नाही!"

"मी कुठं असामान्य?"

जुईली आईकडे बघतच राहिली. झालं होतं ते असं. शेवटच्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्यानं प्रत्येकाला विचारलं होतं, 'तुमच्या धंद्यात तुम्ही स्वतःला कुठं ठेवाल? सामान्य, सरस की असामान्य?' हेमलताबाईंना हसूच आलं. चार लोकांत आपणच आपली टिमकी वाजवायची, असलं वळण त्यांना कुणी लावलं नव्हतं. त्यांच्या घरात पोरीनं भाकरी छान केली तरी 'पीठच चांगलं होतं' म्हणायची पद्धत. त्या म्हणाल्या, 'छे हो, मी कसली असामान्य! माझ्यासारख्या पन्नास मिळतील. ही कोडी काय, कुणालाही सुटली असती.' आपल्याकडच्या कुठल्याही माणसानं यावर 'असं कसं, असं कसं' म्हटलं असतं. पण तो अधिकारी लांबचा. त्याच्या कानातल्या दुभाष्या यंत्रानं शब्दाला शब्द ठेवला आणि त्यानं 'सामान्य' अशी नोंद केली.

पुढचं काम यंत्रानं केलं. त्या खुर्चीत देशभरातले चाळीसएक लोक बसून गेले होते. पण यंत्राला विनय कळत नाही की वशिला कळत नाही. कुणाच्या वाटेनं गेलं की उत्तर सापडतं, एवढंच ते बघतं. हळूहळू त्यानं बाकीच्यांच्या वाटा सोडून दिल्या आणि एकाच बाईच्या वाटेनं चालायला लागलं. कायद्याच्या पुस्तकातल्या त्या बिननावाच्या माणसाला अखेर डोकं मिळालं, आणि ते इचलकरंजीच्या हेमलता म्हेत्रेंचं होतं.

"म्हणजे," जुईली हळूच म्हणाली, "तुला जे जे सुचेल, ते कायद्यानं सगळ्यांनाच सुचतं."

जुईलीचे वकील इनामदार. माणूस सावध आणि मितभाषी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी दोघींना ऑफिसात बोलावलं.

"वाट आहे," ते म्हणाले, "पण अरुंद आहे. निपुण हा सामान्य माणूस नसून तुम्ही आहात, आणि तुम्ही सामान्य नाही, एवढं सिद्ध झालं तर त्याची साक्ष बाद होते. न्यायपीठ तुम्हाला एका खोलीत बसवेल आणि तेच कोडं देईल. तुम्ही जुईलीची रीत वाचलेली नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतं."

"आणि मला सुटलं नाही तर?"

"सुटायला नकोच आहे, हेमलताताई." इनामदारांनी चष्मा काढला. "नीट ऐका. तुमची विचार करायची तऱ्हा आणि यंत्राची तऱ्हा एकच आहे, एवढंच दाखवायचंय. दिशा दाखवा, गाव गाठू नका. गाव गाठलंत तर समोरचे म्हणतील, गाव तुमचंच."

"अहो, तिला नाहीच गाठता येणार," जुईली म्हणाली. स्वतःचंच बोलणं कानावर पडलं तशी ती ओशाळली. "म्हणजे तसं नव्हे, आई. मला चार वर्षं लागली त्याला. तू निवृत्त होऊन किती वर्षं झाली."

"खरंच आहे की," हेमलताबाई म्हणाल्या. "मला कुठलं सुचतंय आता."

हे त्या मनापासून म्हणाल्या की सवयीनं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

खोलीत एक टेबल होतं, कागद होते, पेन होतं आणि छताला कॅमेरा होता. कुणीतरी चहा आणून ठेवला. हेमलताबाईंनी चष्मा पुसला आणि कोडं वाचलं. पातळ भिंतीचा पोकळ धागा, वाळताना बसतो, तो उभा ठेवा.

कोडं जुनंच होतं. कारखान्यात असताना त्यांनीही त्याच्याशी झटापट केली होती. त्या वेळी सगळे बाहेरून प्रयत्न करायचे. हळू वाळवा, ताणून वाळवा, गोठवून वाळवा. हेमलताबाईंनी बाहेरचा विचार सोडून दिला. ओली भिंत आत ओढली जाते, तर आतूनच टेकू द्यायला हवा. पोकळीत काहीतरी भरायचं. पण मग ते काढायचं कसं? केसाहून बारीक नळीतून काही खरवडून काढायचं, तर नळीच फाटायची. तेव्हा ज्यानं पसारा केला त्यानंच तो आवरला पाहिजे. टेकू असा हवा, की काम झाल्यावर तो आपणहून निघून जाईल.

त्यांनी लिहिलं, 'धाग्याला आधार आतून द्यावा, आणि तो आधार नंतर स्वतःच नाहीसा होणारा असावा.' पेन खाली ठेवलं. ही झाली दिशा. इनामदारांना हवं होतं तेवढं कागदावर आलं होतं.

आता उठायचं होतं. त्या उठल्या नाहीत. चहाकडे बघत बसल्या.

आपणहून नाहीसं होईल असं काय असतं? सायझिंगच्या दिवसांत सुताला कांजी चढवायचो आणि कापड विणून झालं की ती धुऊन काढायचो. नुसत्या पाण्यानं ती निघत नसे, म्हणून पाचकद्रव घालायचो. त्यानं पिठाची साखर होते आणि साखर पाण्यात विरघळून जाते. भाताचा घास बराच वेळ तोंडात घोळवला की गोड लागतो, तीच ही गोष्ट. आपल्या थुंकीत तेच पाचकद्रव असतं. पण ते बाहेरून घालायचं म्हटलं तर या नळीत शिरणार कसं?

आणि मग ते आलं.

बाहेरून कशाला घालायचं? कांजी भरतानाच त्यात मिसळून टाकायचं! गारठ्यात ते निजून राहतं, काही करत नाही. थंडीतच धागा वाळवायचा. आत कांजी भक्कम टेकू देऊन उभी, भिंत वाळून कडक होते, छिद्रं उघडी राहतात. मग गरम वाफ सोडायची. ऊब आणि ओल मिळाली की पाचकद्रवाला जाग येते, ते ज्या कांजीत झोपलं होतं तीच खाऊन टाकतं, आणि उरतं साखरेचं पाणी. ते आपलं आपण वाहून जातं. धाग्याची भिंत वेगळ्या जातीची, तिला ते तोंडही लावत नाही. चोरानंच घर झाडून पुसून लख्ख करून जावं, तसं.

हेमलताबाईंना हसू आलं. खोलीत कुणी नव्हतं आणि त्या एकट्याच हसत होत्या, लग्नात नाव घ्यायचा आग्रह झालेल्या नवरीसारख्या, अर्ध्या लाजून. गुडघे दुखत होते ते त्या विसरल्या. आपण निवृत्त झालोय, आपल्याला कुणी काही विचारत नाही, पोरीच्या दारात डबा ठेवून परत फिरावं लागतं, ते सगळं त्या विसरल्या. पेन हातात कधी आलं ते त्यांना कळलंच नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. पण खरं सांगायचं, तर कळलं होतं. जुईलीचं तोंड डोळ्यांपुढे आलं होतं. इनामदारांचे शब्द आठवले होते. आणि तरी त्यांनी लिहिलं. सगळं लिहिलं, उष्णतामानांसकट, खाली नीटनेटकी आकृती काढून. अशी गोष्ट सुचल्यावर कागदावर न उतरवता उठायचं, हे त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा चहा अजून कोमट होता.

सुनावणीला जुईली पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर खोलीतलं चित्रीकरण लावलं, मग कागद दाखवले. हेमलताबाईंनी एकदाच मुलीकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

मेद्रोनाचे वकील संझगिरी उठले. गोड बोलणारा माणूस.

"बाई, तुमच्या नावावर एक तरी शोध आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला असामान्य का म्हणायचं? तुम्ही स्वतःच तर सामान्य म्हणवून घेतलं होतंत."

"आमच्या साहेबांच्या नावावर नऊ रीती आहेत," हेमलताबाई म्हणाल्या. "त्या माझ्या आहेत."

"तेव्हा बोलला नाहीत?"

"बोलायची पद्धत नव्हती."

न्यायपीठाच्या अध्यक्षांनी मान वर केली. "हेमलताबाई, स्पष्ट उत्तर द्या. या धंद्यात तुम्ही स्वतःला असामान्य मानता का?"

 हेमलताबाईंच्या जिभेवर 'छे हो' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. पोरीसाठी एवढं तर करायलाच हवं होतं. आणि त्या खोलीतून आल्यापासून ते त्यांना खरंही वाटायला लागलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मानते."

इनामदारांनी डोळे मिटून घेतले. संझगिरी मात्र खूश झाले, जणू याचीच वाट बघत होते.

"मग आमचा काही वाद नाही! निपुण म्हणजे बाईच, हे आम्हाला मान्य. बाई असामान्य, हेही मान्य. आता एवढंच बघा. आठ वर्षांपूर्वी बाईंचं डोकं यंत्रात उतरवलं, त्यानंतर त्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही. त्या डोक्यातून ही रीत पहिल्या फेरीत निघते. खुद्द बाईंच्या डोक्यातून चहा निवायच्या आत निघते. अर्जदारबाई लहानाच्या मोठ्या झाल्या त्या याच बाईंच्या हाताखाली, हीच वाक्यं ऐकत. खाण तशी माती, महाराज. निपुण सामान्य असेल तर रीत सहज सुचणारी आहे. आणि निपुण म्हणजे आई असेल, तर रीत आईची आहे. मुलीची ती कुठल्याच वाटेनं होत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीचा काठ हेमलताबाईंनी स्वतःच्या हातानं, आकृतीसकट, कागदावर काढून दिला होता.

निकाल महिन्याभरानं लागला. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला. धाग्यांच्या निपुणची साक्ष बाद. श्रीमती हेमलता म्हेत्रे या धाग्यांच्या क्षेत्रातल्या असामान्य बुद्धीच्या व्यक्ती असून आजवर त्यांची उपेक्षा झाली, याची न्यायपीठ खेदानं नोंद घेत आहे. प्रस्तुत रीत सहज सुचण्याजोगी नाही. मात्र तिच्यामागची कल्पना मूळची श्रीमती हेमलता म्हेत्रे यांची असल्यानं अर्जदार जुईली म्हेत्रे या तिच्या खऱ्या आणि प्रथम शोधक ठरत नाहीत. पेटंट रद्द. आणि अर्ज कधीच प्रसिद्ध झालेला असल्यानं आता श्रीमती हेमलता यांनाही नव्यानं हक्क मागता येणार नाही.

म्हणजे रीत कुणाचीच राहिली नाही. ज्याच्याकडे कारखाने, त्यानं वापरावी. संझगिरींनी जाता जाता हेमलताबाईंना वाकून नमस्कार केला आणि तो अगदी मनापासून केला. दोन अनोळखी तरुण वकिलिणी येऊन म्हणाल्या, "मॅडम, काय बुद्धी आहे तुमची!" 

जन्मभर त्यांनी आपलं श्रेय दुसऱ्याला देऊन टाकलं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. एकदाच, एकदाच त्यांनी 'हे माझं' म्हटलं, आणि ते नेमकं पोटच्या पोरीच्या हातून गेलं.

गाडी आवाराच्या मागच्या बाजूला उभी होती. जुईली चालकाच्या जागेवर बसली. हेमलताबाई शेजारी. गाडी काही सुरू झाली नाही.

"शेडमधल्या लोकांना मी आजच सांगते," जुईली म्हणाली. "उगाच आशेवर नको ठेवायला."

"जुई, आपण वर अपील करू. इनामदार म्हणत होते—"

"आई, नको."

बाहेर एक माणूस झाडाखाली स्कूटरला किका मारत होता. ती सुरू होईपर्यंत दोघी बघत राहिल्या.

"ते चित्रीकरण लावलं होतं ना," जुईली म्हणाली. "मी कागदाकडं नव्हते बघत. तुझ्याकडं बघत होते. लिहायच्या आधी तू हसलीस."

हेमलताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला सुचलं तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. मीपण अशीच हसले असणार. एकटीच. मग बाहेर येऊन पायरीवर बसले, आणि मला वाटलं, आता कुणी काही म्हणू दे, कागद मिळू दे नाहीतर न मिळू दे, हे बघून पहिल्यांदा हसलेलं माणूस जगात मी आहे. आई, तेवढंच होतं गं माझ्याकडं. पेटंट गेलं त्याचं एवढं नाही वाटत मला."

"मला थांबता आलं असतं," हेमलताबाई म्हणाल्या. "दिशा लिहून झाली होती. उठायचंच होतं मला."

"माहितीय मला. तू पेन खाली ठेवलेलं दिसलं."

"मग का विचारत नाहीस, का नाही थांबले म्हणून?"

"मी तरी थांबले असते काय?" जुईली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हेमलताबाईंना ते सोपं गेलं असतं.

'चुकले गं' म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण ते खरं झालं नसतं. पोरीचं वाटोळं झालं याचं दुःख त्यांना होतं, आतडं तुटत होतं, त्यात खोटं काही नव्हतं. आणि त्या दुःखाच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी होतं, ते काही केल्या बुजत नव्हतं. त्या बंद खोलीतली ती घटका त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती. जुईली जन्मली तो दिवस धरूनसुद्धा. पुन्हा त्या टेबलाशी बसवलं असतं, पुढचं सगळं आधी सांगून बसवलं असतं, तरी त्या पुन्हा तशाच हसल्या असत्या आणि पुन्हा पेन उचललं असतं.

हे आपल्या तोंडावर दिसू नये म्हणून त्यांनी मान खिडकीकडे वळवली. जुईलीनं ते बघितलं, आणि गाडी सुरू केली.